बोडीवरचं घर

"मी तवाच म्हटलं होतं का नाई? सांग. म्हटलं होतं का नाई?"

"म्हटलं होतं ना! मंग एकदा म्हणून चूप काऊन बसले?"

"चूप नाई बसणार तं काय करणार? तुह्या बाबांनी मोजणी करून देली. चारही कोपऱ्यावर दगड गाडले. त्याच्यावर अजून एक शब्द बोललो असतो तं तू मले जेवाले वाढलं असतं काय?"

"माह्या बाबाले मधात आणू नका."

"ते मधातच हायत, रोशनी! समोर बसून हायत!"

समोर बसून होते खरे. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या उंबऱ्यापाशी, प्लास्टिकच्या खुर्चीत, चहाची बशी गुडघ्यावर धरून खुशालभाऊ बसले होते. लेक रोशनी ओट्यापाशी, जावई अश्वजित दारापाशी, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर ती भेग. मागच्या पावसाळ्यात ती केसाएवढी होती. ओट्याच्या मागून निघून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. या पावसाळ्यात तिच्यात पेन्सिल जात होती. मागचं दार लागेनासं झालं होतं. हातातून बटाटा सुटला, की घरंगळत थेट मागच्या भिंतीपाशी जाऊन थांबायचा, आणि रोशनी तो उचलायची नाही, नुसती बघत राहायची.

"च्या थंडा झाला बाबा," ती म्हणाली. बापाशी बोलताना तिचा आवाज आपोआप उतरला. तो उतरलेला आवाज खुशालभाऊंना भांडणापेक्षा जास्त टोचला.

"पितो ना," ते म्हणाले. आणि प्याले नाहीत.

खुशालभाऊंची चौतीस वर्षं मोजणी खात्यात गेली. आधी साखळी ओढली, मग झेंडी धरली, मग हद्दीचे दगड गाडले. साहेब बदलले, यंत्रं बदलली, साखळी जाऊन आकाशातून मोजणारी मशीन आली, पण दगड गाडायला खुशालच. मूल गावाच्या आसपास दोन भावांचा धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, तंटा झाला, की कोणीतरी म्हणायचं, "मोजणी मंग करा, पयले खुशालभाऊले धुऱ्यावरून चालवा." ते चपला काढून, मान खाली घालून धुऱ्यावरून चालत, एका जागी थांबत आणि टाच आपटत. सहा महिन्यांनी सरकारी मोजणी यायची आणि दगड त्या टाचेपासून वीतभर इकडं नाहीतर वीतभर तिकडं पडायचा. निवृत्त झाल्यावरही लोक घर, प्लॉट, शेत घेताना त्यांना सोबत नेत. या भागात घर घेण्याआधी सर्वे करणं म्हणजे मोजणी करणं. जागा भरली, हद्द जुळली, कागदाची नक्कल हाती आली, की माणूस शांत झोपतो. घराच्या खाली काय आहे ते बघायला कोणाला बोलवायचं असतं, हे कोणाच्या बापजन्मी ऐकण्यात नव्हतं.

अश्वजितच्या ऐकण्यात आलं होतं. नागभीडला तो रेल्वेत सिग्नलच्या कामावर. तिथं त्याच्या एका सोबत्यानं घर घेताना चंद्रपूरहून इंजिनिअर बाईंना बोलावलं होतं. नीलिमा नाव. अश्वजितनं फोन लावला तेव्हा त्यांनी दोन पर्याय सांगितले. एक, वरवरची पाहणी: भिंती, छत, वायरिंग, नळ, तासाभराचं काम. दुसरी, पूर्ण तपासणी: पायथ्याशी खड्डा मारून पाया आणि माती बघायची, दिवसभराचं काम. "जागेचा इतिहास पक्का माहीत असेल तर पहिली चालेल," त्या म्हणाल्या होत्या, "नसेल तर दुसरीच करा."

दीड वर्षापूर्वी याच घरात, ते विकत घ्यायच्या आधी, अश्वजितनं ही गोष्ट काढली. घर विकणारा विनोदही तिथंच उभा होता.

"खड्डा?" खुशालभाऊ म्हणाले होते. "जवाईबापू, घर घेऊन राह्यले का मुरदा उकरून राह्यले?"

विनोद हसला. रोशनी तोंडाला ओढणी लावून हसली. खुशालभाऊंना चेव आला.

"साऱ्या मूलमधी कोनं खड्डा मारून घर घेतलं, मले एक नाव सांगा. मी हावो ना इथी! मोजणी करून देतो. बोटभर जागा कमी भरली तं माहं नाव बदला."

"मामाजी, मोजणी वेगळी अन्..."

"जागेचा इतिहास पायजे ना त्या बाईले? तो मी हाये."

यावर जावई काय बोलणार? त्यानं विषय सोडून दिला. खरा माणूस होता, लग्नात हातात हात घेऊन "मामाजी, मले पोरगाच समजा" म्हणालेला. सासऱ्याचा पाणउतारा करणं त्याच्याच्यानं होत नव्हतं.

मोजणी झाली. बोटभरही कमी भरली नाही.

आणि जागेचा इतिहास खुशालभाऊंना खरोखरच ठाऊक होता.

तिथं बोडी होती. धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरांना, पाणी द्यायला प्रत्येक मोठ्या शेतात असते तशी बोडी, एक लहानसं तळं, तीन बाजूंनी मातीची पाळ. बायका तिच्यात शिंगाडे काढायच्या. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी खुशाल तिच्या कडेला झेंडी घेऊन उभा होता. साहेबांनी हातानं खूण केली, "अजून मागं, अजून मागं," आणि खुशाल मागं सरकता सरकता गुडघ्यापर्यंत काळ्या गाळात गेला. "झेंडी सोडू नको रे," साहेब ओरडले, "तुले काढाले बैल आणतो!" दोन माणसांनी ओढून काढलं. एक चप्पल आतच राहिली. पुढं मूल वाढलं, शेतं प्लॉट झाली, आणि विनोदच्या बापानं बोडी बुजवली. राईस मिलची राख, कोंडा, फुटक्या विटा, ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर. वर हातभर मुरूम टाकून रोलर फिरवला. खुशालभाऊ रोज सायकलवरून ऑफिसला जाताना हे बघत होते. नव्या प्लॉटच्या नकाशावर बोडीची खूण नव्हती. असायचं कारणही नव्हतं. कागद सगळे खरे होते.

मग ते का बोलले नाहीत?

कारण दुसरं घर नागभीडला होतं. अश्वजितनं तेही बघून ठेवलं होतं, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. त्याची रोजची गाडी वाचली असती. रोशनीलाही तिथल्या शाळेत शिकवायची नोकरी मिळत होती. आणि हे घर? हे खुशालभाऊंच्या दारापासून दोन गल्ल्या सोडून होतं. संध्याकाळी इथली तिची शाळा सुटली, की रोशनी आईच्या, अंजनाबाईच्या, गुडघ्यांना तेल चोळायला येई. लोक म्हणत, अंजनाबाईचं नशीब. अंजनाबाईही तेच म्हणत. पण सहा वाजले, की फाटकाकडं कान लावून बसायचे ते खुशालभाऊ. ती दोन दिवस आली नाही, की त्यांना भाजीत मीठ कमी लागायचं.

एवढ्यासाठी. एवढ्याचसाठी ते गप्प बसले. मनाला सांगितलं, बोडी बुजवून बावीस वर्षं झाली, माती बसली असेल. नाही कशाला बसणार?

"आल्या," अश्वजित दारातून म्हणाला.

बाहेर गाडी थांबली होती. दीड वर्षापूर्वी टाळलेल्या नीलिमाबाई आज आल्या होत्या. सोबत खणायला जंगू होता, पन्नाशीचा, कमी बोलणारा. बाईंनी चहा नको म्हटलं, भेगेत बोट फिरवलं, ओळंबा लावला, फरशीवर गोळी सोडून ती कुठं जाते ते पाहिलं. मग मागच्या अंगणात, आंब्याच्या झाडाकडच्या अंगाला आल्या.

"मागच्या भिंतीच्या पायथ्याशी खड्डा मारायचा. त्याआधी मला एक सांगा. या जागेवर पूर्वी काय होतं?"

अश्वजितनं सासऱ्याकडं पाहिलं. रोशनीनंही.

"मामाजी मोजणीत होते," अश्वजित म्हणाला. आवाजात टोमणा होता, पण आतून थोडा अभिमानही होता. "त्याईले साऱ्या गावाची जमीन पाठ हाये."

"वा! मग माझं अर्धं काम झालं. काका, काय होतं इथं?"

खुशालभाऊंच्या तोंडात शब्द आला होता. दोन अक्षरं. रोशनी त्यांच्याकडं बघत होती, शाळेत बक्षीस द्यायला आलेल्या वडलांकडं पोरगी बघते तशी.

"धानाच्या बांध्या होत्या," ते म्हणाले.

"पाणी साचायचं?"

"धानात पाणी राह्यतेच ना बाई."

नीलिमाबाई हसल्या. "बरोबर. जंगूदादा, या भेगेच्या खालीच घ्या."

जंगूनं फावडं टेकवलं. आणि खुशालभाऊंचे पाय आपसूक पुढं झाले.

"तिथी नको. तिथी शोषखड्डा हाये, सारी घाण वर येईन. इथी घ्या." ते कोपऱ्याच्या पलीकडं, सात पावलांवर जाऊन उभे राहिले आणि टाच आपटली. "इथी."

शोषखड्डा तिथं नव्हता, पलीकडच्या अंगाला होता. आणि टाच जिथं आपटली तिथं जुन्या बोडीची पाळ होती. पन्नास वर्षांची, बैलांनी तुडवलेली, दगडासारखी घट्ट. तिथंच त्यांनी टाच का आपटली, हे कोणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. लबाडी ठरवून केली नव्हती. पायांनीच केली.

जंगू खणू लागला. तासाभरात कमरेएवढा उतरला. फावडं खणखण वाजत होतं. नीलिमाबाईंनी खाली वाकून ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं. फुटेना.

"माती तर चांगलीच कडक आहे," त्या चकित होऊन म्हणाल्या. "एका खड्ड्यावरून मी फार पक्कं बोलणार नाही. पण इथं नुसत्या धानाच्या बांध्या होत्या असं काका सांगतात, म्हणजे दोष भिंतीच्या बांधकामात असावा. मागची भिंत उतरवून नव्यानं बांधा. तोवर घाबरू नका, राहा आत. लेखी अहवाल पाठवते."

त्या नळावर हात धुवायला गेल्या. रोशनीनं डोळे मिटून मोठा श्वास सोडला. दीड महिना स्वयंपाकघरात त्याच भिंतीला उशी लावून ती झोपत होती, कारण पुढच्या खोलीत पंखा नव्हता.

"पाह्यलं?" ती नवऱ्याला म्हणाली. "पाह्यलं ना आता? जमीन चांगली हाये. उगाच बाबाले..."

"हाव," अश्वजित म्हणाला. तो सरळ खुशालभाऊंसमोर आला. हात त्यानं पँटला पुसले आणि वाकून त्यांच्या पायांना लावले.

"मामाजी, माफ करा. चार महिने मी तुमाले मनातल्या मनात लय बोललो. रोशनीलेबी बोललो. नागभीडले एकटाच निंगून जातो म्हटलं, इथपर्यंत गोष्ट गेली होती. चुकी माही होती."

"उठा," खुशालभाऊ म्हणाले. "उठा ना जवाईबापू."

"माफ केलं म्हणा पयले."

"अरे उठ म्हणतो ना!"

ते एवढ्या जोरात ओरडले, की नळावरून नीलिमाबाईंनी वळून पाहिलं. जंगू फावडं खांद्यावर घेता घेता थांबला. खुशालभाऊंनी पाय मागं ओढून घेतले.

"बोडी होती इथी."

"काय?" रोशनीनं विचारलं.

"बोडी. ह्या भिंतीपासून त्या आंब्यापावतर. राखेनं बुजवली हाये. तुमी खणले ते तिची पाळ हाये, बाई. जमीन नाई. भेगेखाली खणा. हातभर मुरूम निंगन, मंग राख निंगन, मंग..." त्यांनी बोटानं भेगेचा पायथा दाखवला. "माही चप्पल अजून आतमंदी हाये."

कोणी हसलं नाही. नीलिमाबाईंनी जंगूला नुसती मान हलवून खूण केली. जंगू भेगेखाली गेला. फावडं दोनदा वाजलं, मग त्याचा आवाजच बदलला. पोत्यात हात घातल्यासारखा भसभस आवाज येऊ लागला. करडी राख वर आली.

"आज रात्री या खोलीत कोणी झोपायचं नाही," नीलिमाबाई म्हणाल्या. "सामान पुढं घ्या."

अश्वजित उठला. आत गेला आणि भिंतीला लागून असलेली गादी गुंडाळू लागला.

रोशनी जागची हलली नव्हती.

"बाबा, तुमाले कवापासून माहीत होतं?"

"पयलेपासून."

"घर घेतलं तवा?"

"हाव."

"हे खड्डा मारून पाहू म्हणत होते, मी हसली, तवा?"

"हाव, माय."

"मंग काऊन?"

ते तिच्याकडं पाहू शकले नाहीत. राखेकडं बघत बोलले.

"तू नागभीडले गेली असती. तुही आई... नाई, आईले नको आणू मधात. मले. मले करमलं नसतं. दोन गल्ल्यावर पोरगी हाये, सहा वाजता येते, एवढंच डोक्श्यात होतं. बाकी काई नव्हतं, तुही शप्पथ. वाटलं, दबली असन माती." त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "अन् आज बी सांगत नव्हतो मी. आज बी! पोरगी त्या भिंतीखाली झोपते हे मले माहीत, अन् मी त्याईले पाळीवर उभं केलं. मले शिव्या दे. हात उचल, मी काई म्हणणार नाई. पण बोल. काई तं बोल, माय."

रोशनीनं ओढणी सारखी केली. नळ अर्धवट सुरू राहिला होता, तो बंद केला. मग बापाच्या बाजूनं, त्यांना धक्का लागणार नाही एवढं अंतर राखून, ती घराच्या कडेच्या बोळीतून पुढच्या फाटकाकडं गेली. फाटक उघडलं आणि रस्त्याला लागली.