सरकारनं मला शिक्षा दिली

दवाखान्याच्या फाटकापाशी कागद लागला, त्या दिवशी सगळ्या नर्सा तिथं गोळा झाल्या होत्या. मी मागून मान घुसवली. हिंदी मला येत होती, पण ती ग्वाल्हेरच्या खासगी बाजारात भाजीवाल्याशी भांडायची हिंदी. कागदावरची हिंदी एकदम कडक इस्त्रीची. मी अक्षराला अक्षर लावत वाचलं. एवढं माहीत पडलं की जुन्या सर्टिफिकेटवाल्या परिचारिकांना एक वर्षाची शिक्षा दिली जाईल.

एक वर्षाची शिक्षा! माझं माहेर साताऱ्याकडचं. तिथं शिक्षा म्हणजे सजा. मी तशीच मेट्रनबाईंच्या खोलीत गेले. मेट्रनबाई नगरकडच्या, ख्रिस्ती, मराठी बोलायच्या म्हणून मला धीर होता.

"बाई, माझं काय चुकलं?"

"आता काय केलंस?"

"तेच विचारतेय. वर्षभर म्हातारीला कोण बघणार? आणि पोरगी लहान आहे, तिला आत नेता येतं का?"

"आत म्हणजे कुठं?"

"जेलात."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हसून हसून डोळे पुसले. "अगं बये, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. तुला शिकायला पाठवतायत."

"मग शिक्षेला काय म्हणतात?"

"दंड."

मी म्हटलं, कमाल आहे, आमच्याकडं दंडात वाकी घालतात.

मग बाईंनी नीट बसवून सांगितलं. मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झालेला. माझं सर्टिफिकेट मध्यभारतचं. ज्या राज्यानं ते छापलं ते राज्यच उठून गेलं, तर सर्टिफिकेट कोण मानणार? आता वरचा एक कोर्स करायचा, वर्षाचा. गंभीर वॉर्डाचा कोर्स. म्हणजे ज्या पेशंटचा एक पाय इथं आणि एक तिथं, त्याच्याजवळ उभं राहायचं, डॉक्टर येईपर्यंत काय करायचं ते आपल्या अकलेनं ठरवायचं. पास झाले तर नर्स म्हणून कायम. नापास झाले तर परत आया. आणि आयाला क्वार्टर मिळत नाही.

एवढं ऐकल्यावर वाटलं, जेल बरी होती.

माझं शिक्षण मराठी चौथी. लग्न होऊन ग्वाल्हेरला आले तेव्हा घरात सगळे पलटणीतले. दरबारची पलटण, चकचकीत बटणं, मिशांना तूप. दरबार गेला तशी पलटण दिल्लीच्या फौजेत गेली. ज्यांची छाती भरली त्यांना घेतलं, बाकीच्यांना राम राम. आमच्या घरधन्याची छाती कमी पडली. बटणं काढून घेतली, मिशा तेवढ्या राहिल्या. मग लाकडाच्या वखारीत कामाला लागले. पायात खिळा गेला, धनुर्वात झाला. त्यांच्या उशाशी मी याच दवाखान्यात बसून होते. ते गेले. मेट्रनबाई म्हणाल्या, एवढे दिवस सगळं तूच तर केलंस, राहा इथंच. मी आया म्हणून राहिले. बाईंच्या हाताखाली शिकत शिकत नर्स झाले. पांढरं नेसायची सवय लागलीच होती, सरकारनं त्याला खळ घालून दिली एवढंच.

लोक म्हणायचे राजधानी भोपाळला गेली, ग्वाल्हेरचं वाटोळं झालं. ऑफिसंच्या ऑफिसं गाडीत भरून चालली होती. साहेब लोक रडले. आम्हाला काय, आमच्या बेडपॅन इथंच होत्या.

क्वार्टर म्हणजे दवाखान्याच्या आवारात दोन खोल्या, पुढं पत्रा. तिथं मी, माझी पोरगी आणि सासू. सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात. आधी आत्याबाई थोरल्या मुलाकडं राहायच्या, माझ्या दिराकडं, खासगी बाजारात. मी नर्स झाले तेव्हा त्यांनी बोलणं सोडलं होतं. परक्या माणसांची अंगं पुसते, घराण्याला बट्टा लावला वगैरे. पण मला क्वार्टर मिळालं तशा एक दिवस गाठोडं घेऊन हजर. थोरली सून वरण एवढं पातळ करते की ताटात आपलं तोंड दिसतं, हे त्यांचं कारण. घराण्याचा बट्टा वरणात विरघळला.

मी कोर्सची गोष्ट सांगितली तर त्यांनी एकच विचारलं, "नापास झालीस तर?"

"तर क्वार्टर जाईल. भावजींकडं परत."

"मग नापास होऊ नकोस," म्हणाल्या, जशी काही मी ठरवलंच होतं.

वर्ग नव्या मेडिकल कॉलेजात. आम्ही नऊवारी-पाचवारीवाल्या बायका पोरांच्या बाकावर बसायचो. शिकवणारे डॉक्टर इंग्रजीत सुरू करायचे, आमची तोंडं बघून हिंदीत यायचे, आणि अडलं की परत इंग्रजीत पळून जायचे. माझ्या शेजारी भिंडकडची एक नर्स बसायची. वयानं मोठी, तिला सगळे जिज्जी म्हणायचे, मीही म्हणायची. जिज्जीला वाचता छान यायचं पण सुई टोचताना हात कापायचा. माझा हात स्थिर, पण वाचताना जीव जायचा. आमचं ठरलं, ती मला वाचून दाखवणार, मी तिला टोचून दाखवणार.

"पर टोचेगी किसको?" जिज्जीनं विचारलं.

"पहले आलू को. फिर तेरे को."

"आलू तक ठीक है," जिज्जी म्हणाली.

ऐकलेलं डोक्यात राहायचं नाही. हातानं केल्याशिवाय मला काही कळत नाही, पहिल्यापासून. वॉर्डातल्या पेशंटवर प्रयोग कसा करणार, तो आधीच अर्धा गेलेला. मग घरात कोण? आत्याबाई.

मी भीत भीत विचारलं. त्या खाटेवर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "मला काय झालंय ते आधी सांग, म्हणजे तसं कण्हते."

रोज दुपारी ड्यूटी आणि वर्ग यांच्या मधे आमचं हे चालायचं. नाडी बघायची, डोळ्यांची बाहुली बघायची, नखं निळी पडली का बघायचं, जीभ मागं गेली तर मान कशी वळवायची. रक्त फार गेलं की माणूस गार पडतो, नाडी दोऱ्यासारखी लागते, त्याला शॉक म्हणतात. तेव्हा खाटेच्या पायथ्याखाली विटा ठेवून पाय उंच करायचे, म्हणजे उरलेलं रक्त डोक्याकडं जातं. त्या वेळी असंच शिकवायचे. मी आवारातून विटा आणल्या होत्या.

"आज काय झालंय मला?"

"आज हृदय बंद पडतंय."

"कालच पडलं होतं की."

"काल पोटात रक्त झालं होतं, आत्याबाई."

"तेच बरं होतं. त्यात पाणी मागता येत होतं."

"मागता येत होतं, पण द्यायचं नव्हतं."

"ते तू दिलंच नाहीस. खरी नर्स हो."

त्यांना इतकी गोडी लागली की आवारातल्या बायकांना ऐटीत सांगायच्या. आणि कुठं डाळ बाजारात ओळखीची कोणी भेटली तर तिलाही. "काय सांगू, सून मला रोज मारते. परवा तर दोनदा मारलं. पण हात हलका हो तिचा."

ही बातमी डाळ बाजारातून खासगी बाजारात पोचायला कितीसा वेळ. पण पोचताना मधला सगळा कोर्स गळून पडला आणि एवढंच राहिलं, की सून म्हातारीला रोज मारते.

एक दिवस दुपारी दार धाडकन उघडलं. भावजी. मागं जाऊबाई, पदर तोंडाला. आणि आत काय दृश्य! खाटेचा पायथा विटांवर चढवलेला, म्हातारीचे पाय वर, डोकं खाली, डोळे पांढरे केलेले. मी तिच्या छातीवर वाकून दोन बोटं गळ्याशी लावलेली. पोरगी कोपऱ्यात बसून चिंचा खात होती.

"अहो, गळा दाबतेय की ही!" जाऊबाई किंचाळल्या.

"आई!" भावजी ओरडले.

आत्याबाईंनी डोळा उघडला नाही. ओठ न हलवता म्हणाल्या, "बोलू नकोस. मला शॉक लागलाय."

भावजी घाबरून विजेचं बटण शोधायला लागले. त्या खोलीत वीज नव्हतीच.

मी सगळं समजावलं. त्यांना पटलं अर्धं, राग आला पुरता. म्हणाले, "हे सोंग बंद करा. चौथी शिकलेली बाई, डॉक्टरकीच्या गोष्टी. मेट्रननं डोक्यावर बसवलंय तुम्हाला. उगीच सगळ्या ग्वाल्हेरसमोर नापास व्हायचं आणि आमचं हसं करायचं. त्यापेक्षा आजच कोर्स सोडा आणि घरी चला. आईला मी इथं ठेवणार नाही."

चौथी तर मी शिकलेच होते.

आत्याबाई उलट्याच पडल्या होत्या, तशाच बोलल्या. "मी येत नाही."

"आई, तू काय बोलतेयस?"

"इथं मला रोज एक नवा रोग होतो आणि रोज बरा होतो. तुझ्याकडं एकच होता, भुकेचा, त्यावर कुणी इलाज केला नाही."

जाऊबाईंचा पदर तोंडावरून खाली आला. "मी उपाशी ठेवते का हो तुम्हाला?"

"ठेवत नाहीस. वरणात पोहायला लावतेस."

भावजींनी जाता जाता दारात उभं राहून सांगितलं, "ही नापास झाली की मी टांगा घेऊन येतो. मग नाही म्हणायचं नाही."

"बरं," आत्याबाई म्हणाल्या. ते गेले तसं मला म्हणाल्या, "विटा काढ आता, डोकं गरगरतंय. आणि पुढचा धडा घे."

लेखी परीक्षा मी कशी दिली ते मलाच ठाऊक. अर्धी उत्तरं चित्रं काढून दिली. पण सगळं वजन तोंडी परीक्षेवर होतं. ती पेशंटच्या खाटेपाशी, परीक्षक समोर. परीक्षक जबलपूरकडून आलेले, वयस्कर डॉक्टर, गळाबंद कोट, बोलणं एकदम पोथीसारखं. इकडचे डॉक्टर हार्ट म्हणायचे, हे हृदय म्हणायचे. मेट्रनबाई बाजूला उभ्या. जिज्जी आधी आत जाऊन आली होती, बाहेर येऊन बसली ती पाणीच पीत होती.

मला आत बोलावलं. खाटेवर आमच्याच वॉर्डातला खरा पेशंट होता, पण बरा होत आलेला, मजा बघत पडलेला.

परीक्षकांनी विचारलं, "मान लीजिए, यह रोगी मूर्च्छित हो गया. चिकित्सक उपस्थित नहीं हैं. आप सर्वप्रथम क्या चेष्टा करेंगी?"

मूर्च्छित कळलं. चिकित्सक कळला. पण चेष्टा? मरायला टेकलेल्या माणसाची चेष्टा? मला रागच आला. एवढे मोठे डॉक्टर, आणि बायकांना हे विचारतात.

मी म्हटलं, "साहब, मरते आदमी की मैं चेष्टा नहीं करती. ठीक हो जाए, तब थोड़ी-बहुत करती हूँ."

खाटेवरचा पेशंट म्हणाला, "करती हैं साहब. बहुत करती हैं."

परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं. मेट्रनबाईंनी तोंडावर रुमाल धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. शेवटी कशाबशा म्हणाल्या, "सर, मराठी में चेष्टा माने मज़ाक, प्रयत्न नहीं."

परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. मला वाटलं, आला टांगा. मग ते म्हणाले, "अच्छा. तो मज़ाक छोड़िए. करेंगी क्या, करके दिखाइए."

करून दाखवायचं म्हटल्यावर मला काही आठवावं लागलं नाही. पेशंटला कुशीवर वळवलं, हनुवटी वर केली, तोंडात बोट घातलं तर त्याची कवळी हातात आली, ती काढून वाटीत ठेवली. गळ्याशी नाडी, नखं, डोळे. पायथ्याखाली विटा. तोंडात पाण्याचा थेंब नाही. प्रत्येक गोष्ट का करतेय ते सांगत गेले, हिंदी सुचली तिथं हिंदी, नाही तिथं मराठी.

"और चिकित्सक को सूचना?"

"वह तो पहले ही आदमी दौड़ा दिया, साहब. पर डॉक्टर साहब कपड़े पहनेंगे, जूते ढूँढेंगे. तब तक यह मेरा है."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि हातानं जायची खूण केली. पेशंट बोळक्या तोंडानं कवळी मागत होता.

निकाल लागेपर्यंत आमच्या घरात कोणी रोगी पडलं नाही. आत्याबाई नुसत्या बसून असायच्या, दाराकडं तोंड करून. फाटकातून कुठलाही टांगा आत वळला की मान उंच व्हायची. सामानाचं गाठोडं त्यांनी बांधलं नाही, पण कुठल्या फडक्यात बांधायचं ते धुऊन ठेवलं होतं.

मग एक दिवस मेट्रनबाई स्वतः क्वार्टरवर आल्या. कधी येत नसत. दारातच म्हणाल्या, "पास. तिसऱ्या वर्गात, पण पास. जिज्जी दुसऱ्या वर्गात."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. मेट्रनबाईंनी खांद्यावर थाप मारली, उद्या सकाळी गंभीर वॉर्डात ये म्हणाल्या, आणि गेल्या.

आत्याबाईंनी विचारलं, "तिसरा वर्ग म्हणजे? आगगाडीत असतो तसलाच का?"

"तसलाच."

"मग झालं की," म्हणाल्या. "पोचतो तोही." आणि ते धुतलेलं फडकं उचलून त्यांनी चुलीवर उतू गेलेल्या दुधाचा ओघळ पुसायला घेतलं.