बहिणीच्या लग्नाच्या पापण्या

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती आणि मी पंचेचाळीसची. आनंदानं आमच्या घरातल्या सगळ्यांचंच डोकं जरा ठिकाणावर नव्हतं. मी तुळजापुरात, लॉजच्या गल्लीत, ब्लाऊज शिवते. त्या महिन्यात मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. ती बाई चिडायच्या ऐवजी म्हणाली, "असू दे ताई, बहिणीचं लग्न हाय तुमच्या." सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

बहीण जळकोटजवळच्या एका शाळेत शिकवते. लग्नाचा विषय तिनं कधीचाच मिटवून टाकला होता. मग एकदा शाळेच्या व्हरांड्यात एका कुत्रीचं डोकं प्लॅस्टिकच्या बरणीत अडकलं, पोरं रडायला लागली, आणि हिनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते आले, व्हरांड्यात मांडी घालून बसले, कुत्रीच्या मानेला तेल चोळत अर्धा तास तिच्याशी गप्पा मारल्या आणि बरणी काढली. त्रेचाळीस वर्षांचा, कामाच्या नादात लग्नाचं राहून गेलेला माणूस. बरणी हातात घेऊन हिला म्हणाले, "मॅडम, झाकण कुठं आहे?" एवढ्यावरच सुरुवात झाली असं ती सांगते. मला अजून त्यातलं काही कळलेलं नाही.

लग्न शुक्रवारी होतं. त्याआधीच्या शनिवारी तिचा फोन आला.

"अक्का, उद्या दुकान बंद ठेव. धाराशिवला जायचंय, पापण्या ठरवायला."

"पापण्या काय ठरवायच्या असतात व्हय?"

"लावून घ्यायच्यात. एकेक केस चिकटवतात. महिनाभर राहतात."

आई शेजारीच लाडू वळत होती. तिनं सगळं ऐकलं. "देवानं दिल्यात त्या कमी पडल्या का?" असं विचारून तिनं पुढचा लाडू नेहमीपेक्षा जास्त दाबला. पण सकाळी निघताना तिनंच आमच्या पिशवीत चार लाडू टाकले. "उस्मानाबादला जायलाव, भूक लागंल." जिल्ह्याचं नवं नाव अजून तिच्या तोंडात बसलेलं नाही.

पार्लर मोबाईलच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर होतं. चालवणारी मुलगी सव्वीस-सत्तावीस वर्षांची, सोलापुरात शिकून आलेली, बोलायला एकदम गंभीर. मला ती पार्लरवालीपेक्षा लॅबमधली वाटली. बहिणीनं तिच्यासमोर मोबाईल धरला. त्यात मालिकेतल्या एका नटीचा फोटो होता. पापण्या अशा की त्यांच्यावर कबुतर बसावं.

"मला अशाच पाहिजेत."

मुलगी म्हणाली, "मॅडम, फोटोतल्या बाईचे डोळे वेगळे. तुमचे गोल आहेत, आणि जरा पुढं आलेले. आधी लावून बघू, मग ठरवू." तिनं तयार पापण्यांची एक पट्टी घेतली आणि बहिणीच्या डोळ्यांवर नुसती टेकवली. मधे सगळ्यात लांब, वर वळलेल्या. ह्याला डॉल आय म्हणतात, म्हणजे बाहुलीचे डोळे.

बहिणीनं आरशात बघितलं आणि माझ्याकडं वळली. मी शपथेवर सांगते, मी गप्प राहायचा प्रयत्न केला.

"काय गं?"

"काही न्हाय. पाल पडल्यासारखी दिसायलीस. अंगावर."

तिनं पुन्हा आरशात बघितलं, आणि तिला खरोखरच पाल दिसली बहुतेक, कारण ती जी हसायला लागली ती पट्टी निसटून थेट तिच्या मांडीवर पडली. मुलगी शांतपणे म्हणाली, "म्हणून आधी बघून घ्यायचं असतं."

मग तिनं समजावून सांगितलं. एका पापणीला एक केस चिकटवला की क्लासिक, एकेका पापणीला बारीक केसांचा झुबका बसवला की व्हॉल्यूम. बाहेरच्या कोपऱ्याला लांबी वाढवत नेली की कॅट आय. वळणसुद्धा कमी-जास्त. वहीत तिनं डोळ्याचं चित्र काढलं, त्याचे भाग पाडले आणि प्रत्येक भागात मिलिमीटरमध्ये लांबी लिहिली, आठ, नऊ, दहा, अकरा. ते बघून मात्र मी सरसावून बसले. मापं घेऊन काम करणारं माणूस दिसलं की माझा लगेच विश्वास बसतो.

पण बहिणीचं काही ठरेना. शेवटी तिनं चार प्रकारांचे फोटो डॉक्टरांना पाठवले आणि खाली लिहिलं, "तुम्हाला कुठल्या आवडतील?"

आम्ही वाट बघत बसलो. एक लाडू मुलीला दिला. डॉक्टर कुठल्याशा गोठ्यात असणार. पाऊण तासानं मोबाईल वाजला. बहिणीनं उघडला आणि तिचा चेहरा कोरा झाला. तिनं तो माझ्यापुढं धरला.

देवणी जातीची एक कालवड. पांढऱ्या-काळ्या तोंडाची, कान खाली पडलेले, कॅमेऱ्याकडं अगदी शहाण्यासारखी बघणारी. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, "अशा."

"अशा?" बहीण म्हणाली. "अशा? अक्का, मी ह्या माणसाशी शुक्रवारी लग्न करायलेय!"

मी ओढणीत तोंड खुपसून हलत होते. तेवढ्यात त्या मुलीनं मोबाईल घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि डोळा निरखायला लागली. बराच वेळ निरखत राहिली.

"मॅडम, सरांचं बरोबर आहे."

"काय?"

"हे बघा. आतल्या कोपऱ्यात आखूड. बाहेरच्या बाजूला लांब होत गेल्यात. आणि वर वळलेल्या नाहीत, सरळ पुढं येऊन जराशा झुकल्यात. तुमच्या डोळ्यांना नेमकं हेच पाहिजे. वर वळवल्या की डोळा आणखी गोल दिसतो. अशा ठेवल्या की लांबट दिसेल, शांत दिसेल." आणि तिनं वहीत नवं चित्र काढायला घेतलं. समोर कालवडीचा फोटो ठेवून.

बहिणीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की खालच्या दुकानातला माणूस जिन्यात येऊन "सगळं ठीक आहे ना?" म्हणून विचारून गेला.

जाताना बहिणीनं माझा दंड धरून मला आरशासमोर बसवलं. "हिच्या पण."

"मला कशाला गं? मी दोन लेकरांची आई."

"आईला पापण्या नसतात का? तू नाही लावल्यास तर मी पण नाही."

मला नकोत असं मी सांगितलं खरं, पण पाच मिनिटांत मी सगळ्यात दाट, सगळ्यात लांब पट्टीवर बोट ठेवून बसले होते. एकदाच लावायच्या तर दिसू तरी देत, असा माझा हिशोब. मुलीनं पट्टी टेकवली आणि म्हणाली, "आता चष्मा घाला." मी घातला. डोळे मिचकावले. पापण्या काचेवर घासल्या. पुन्हा मिचकावले, पुन्हा घासल्या. पावसातल्या जीपच्या वायपरसारखं चाललं होतं. बहीण खुर्चीवरून खाली सरकली आणि फरशीवर बसून हसायला लागली.

"तुमच्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा खाली उतरतो," मुलगी म्हणाली, "आणि शिवणकामात मान सारखी खाली. बाहेर लांब केल्या तर डोळे थकलेले दिसतील. तुम्हाला क्लासिक, आखूड, जरा जास्त वळलेल्या. मधे थोड्या मोठ्या. चष्म्याला लागणार नाहीत, आणि लावल्यात हे कुणाला कळणार नाही."

"कळणारच न्हाय तर लावायच्या कशाला?"

"लोकांना काहीतरी चांगलं दिसेल. काय ते कळणार नाही."

गोंद सोसतो का बघायला तिनं आमच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात दोन-दोन केस लावले आणि घरी पाठवलं. काही झालं नाही. बुधवारी आम्ही पुन्हा गेलो.

त्या दिवशी तिच्या मदतीला सोलापूरची मैत्रीण आली होती. आम्हाला दोघींना शेजारी-शेजारी आडवं केलं, खालच्या पापण्यांवर गार पट्ट्या चिकटवल्या, डोळे मिटायला लावले. "आता दोन तास डोळे उघडायचे नाहीत. बोलायचं कमी. आणि हसायचं अजिबात नाही."

हसायचं नाही म्हटल्यावर काय होणार? पहिली दहा मिनिटं गेली. मग शेजारून नाकातून निघालेला एक बारीक आवाज आला. मला काही दिसत नव्हतं, पण तिचं पोट हलतंय हे मला कळत होतं, आणि तिला माझं. मुलीनं चिमटे बाजूला ठेवले. "मॅडम, वरची पापणी खाली चिकटली तर मला एकेक सोडवत बसावं लागेल. काहीतरी दुःखाचं आठवा."

"अक्का," बहीण कापऱ्या आवाजात म्हणाली, "दुःखाचं सांग."

मी डोकं खाजवलं, म्हणजे मनातल्या मनात. "आपली पांढरी शेळी मेली ते आठव. किती रडली होतीस तू."

मग ती म्हणाली, "ती मेली नव्हती. आईनं आपल्याला तसं सांगितलं. नळदुर्गच्या मावशीकडं दिली होती. मी दोन वर्षांनी बघितली तिला."

"मग?"

"तिनं मला ओळखच दिली न्हाय."

मुलगी आणि तिची मैत्रीण, दोघीही आमच्या डोक्याशी हसत होत्या. बाहेर जाऊन पाणी पिऊन आल्या.

मग खरंच सगळं शांत झालं. पंख्याचा आवाज आणि पापणीवर चिमट्याचा हलका स्पर्श. बहिणीचा हात चाचपडत आला आणि त्यानं माझं मनगट धरलं.

"अक्का, मला लई आनंद व्हायलाय गं. या वयात इतका होतो का कुणाला? मला शाळेत फळ्यावर लिहितानासुद्धा हसू येतंय."

मी दर दिवाळीला तिचा ब्लाऊज शिवते. वीस वर्षं तिचं माप माझ्या वहीत आहे. तिच्याहून पंधरा-पंधरा वर्षांनी लहान पोरींचे लग्नाचे ब्लाऊज शिवताना मी कितीदा तिचं पान उघडून बघितलं आणि मिटलं, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही. डोळ्यात पाणी आणायला परवानगी नव्हती. मी म्हटलं, "होऊ दे की. कोण अडवतंय तुला?"

डोळे उघडले तेव्हा आधी मी तिला बघितलं. तीच होती. पण तिचे डोळे, जे मी लहानपणापासून 'बटाटे' म्हणून चिडवत आले, ते लांबट, निवांत झाले होते, आणि ती खूप काही ऐकून घेत असल्यासारखी दिसत होती. ती माझ्याकडं बघत राहिली. "अक्का, तू तुझ्या कॉलेजातल्या फोटोसारखी दिसायलीस."

घरी आईनं आम्हाला दारातच उजेडात उभं केलं, हनुवटी धरून एकेकीचा चेहरा फिरवला. धाकटीला म्हणाली, "बरं दिसतंय." मला म्हणाली, "तुझ्या लावल्या न्हायत का?" माझ्या नवऱ्यानं जेवताना दोनदा माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "आज दुपारी झोपली होतीस का? ताजीतवानी दिसायलीस." मला इतका आनंद झाला की मी त्यांना न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

लग्नात अंतरपाट खाली आला आणि बहिणीनं नजर वर केली. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांकडं बघितलं, हार हातातच राहिला. मागून कुणीतरी "घाला की हार!" म्हणून ओरडलं. नंतर त्यांनी तिला काय सांगितलं ते तिनं मला पंगतीत कानात सांगितलं. ते म्हणाले होते, "आमची कालवड दिसायला चांगली आहे, पण इतकी नाही." ती हे सांगताना लाजत होती. शाळेत पोरांना पाढे म्हणायला लावणारी माझी बहीण, लाजत होती.

पाठवणीच्या वेळी मात्र पंचाईत झाली. डोळे चोळायचे नाहीत असं बजावून सांगितलेलं. त्यामुळं आम्ही दोघी गळ्यात गळा घालून, माना मागं टाकून, आभाळाकडं बघत रडत होतो. आई मधे येऊन ओरडली, "वर काय बघायलाव गं दोघी? पाऊस येतोय का?" आणि रडणं तिथंच संपलं.

महिना-सव्वा महिन्यात माझ्या पापण्या एकेक करून गेल्या. कधी उशीवर, कधी मशीनच्या सुईपाशी. मला त्याचं काही वाटलं नाही. पुन्हा लावायला मी अजून गेले नाही, जाईनही कदाचित. एका दुपारी मी एका बाईचं माप घेत होते आणि बहिणीचा फोन आला. आधी नुसता हसण्याचा आवाज. बराच वेळ तिला बोलताच येईना.

"अक्का, माझ्या सगळ्या गळाल्या. पंधरा दिवस झाले. एक पण राहिली न्हाय."

"मग?"

"ह्यांना पत्ताच नाही. काल रात्री जेवताना माझ्याकडं बघून म्हणतात, तुझ्या पापण्या अजून किती छान राहिल्यात."

मी टेप हातात धरून तिथंच स्टुलावर बसले. हसू आवरेना. माझ्यासमोर ती बाई बाहीच्या मापासाठी दोन्ही हात पसरून उभी होती, बिचारीला हात खाली घ्यावे की नको ते कळेना. मग तीही हसायला लागली, हात तसेच पसरलेले ठेवून, कशाला हसायचं ते ठाऊक नसताना.