भावाचं ग्राफिक्स कार्ड

माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं चालतात. बाकीचं शरीर स्नायूंच्या आजाराने लहानपणापासून हळूहळू थांबवत आणलंय. मान सरळ राहावी म्हणून खुर्चीला पट्टा लावलाय, पाणी स्ट्रॉने प्यावं लागतं. पण माउस त्याचा तो चालवतो, आणि तेवढ्यावर तो कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल्स करायला शिकला. झाडं, गंजलेली पिंपं, जुन्या इमारतींचे जिने. बाहेरच्या देशांतल्या, गेम बनवणाऱ्या छोट्या कंपन्या ती मॉडेल्स घेतात. त्याचे मित्रही सगळे तिकडचेच, स्क्रीनवरचे. फोन त्याला हातात धरवत नाही. त्यामुळे कॉम्प्युटर बंद म्हणजे त्याच्यासाठी माणसंच बंद.

वडील गेल्यावर परळची खोली सोडून आम्ही मीरा रोडला, शांती नगरमध्ये आलो, ते केवळ तळमजल्याचा फ्लॅट मिळत होता म्हणून. आई, मी आणि तो. मी जवळच गोडदेवला एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात बिलिंगला आहे. ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय हे मला त्या रविवारपर्यंत नीटसं माहीतही नव्हतं.

झालं असं की, एका कंपनीने त्याला चाचणीचं काम दिलं होतं. बाजाराचा एक अख्खा रस्ता उभा करायचा होता. दुकानं, हातगाड्या, ताडपत्र्या, ओली जमीन, सगळं. काम आवडलं तर ते त्याला कायमचं धरणार होते. पण त्याचं जुनं कार्ड, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारा भाग, एवढा सीन पेलेना. रस्ता उघडला की आतला पंखा घरघरायला लागायचा आणि स्क्रीन गोठायची. काम गुरुवारपर्यंत पाठवायचं होतं. मग स्टेशनजवळच्या दुकानातून आम्ही नवीन कार्ड आणलं. खोक्यातून काढल्यावर आई म्हणाली, "अगं बाई, केवढं हे! हे आत मावणार कसं?"

रविवारी जेवणं झाल्यावर मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट जेवणाच्या टेबलावर आडवं ठेवलं. भावाची खुर्ची अगदी शेजारी लावली, त्याला आत दिसावं म्हणून आईने त्याच्या पाठीमागे उशी सरकवली. माहिती सगळी त्याच्याकडे होती आणि हात माझ्याकडे.

"ताई, आधी मागचं बटण बंद कर. वायर काढ. आता कॅबिनेटच्या पत्र्याला हात लाव."

"पत्र्याला कशाला?"

"अंगातला करंट जाऊ दे. आतल्या मुख्य बोर्डाला लागला तर मरेल तो."

मी पत्र्याला हात लावला. मग आणखी एकदा लावला. जुनं कार्ड काढताना त्याच्या टोकाशी एक बारीक खिटी दाबायची होती. ती मला दिसेना, नुसतं बोटाने चाचपडावं लागत होतं. मी जोर लावला आणि कट्‌ असा आवाज झाला. खिटीचा तुकडा माझ्या बोटाला चिकटून बाहेर आला.

भावाने त्या तुकड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "असू दे. त्याशिवायही चालतं." पण त्याचा आवाज उतरला होता.

नवीन कार्ड लांबीला एवढं होतं की तिरकं करून, मनगट आत खुपसून, दाबूनच बसवावं लागलं. त्याला वीज द्यायला दोन जागा होत्या. आमच्या पॉवर सप्लायमधून, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्यातून, एकच वायर येत होती, तिला पुढे दोन तोंडं फुटलेली.

"हे चालेल ना?" मी विचारलं.

"चालेल. बहुतेक."

बटण दाबलं. पंखे फिरले, कार्डावर निळा दिवा लागला. आईने नकळत हात जोडले. आणि मॉनिटरच्या काळ्या पडद्यावर पाटी आली, 'नो सिग्नल'.

सुरुवातीला आम्ही घाबरलो नाही. मॉनिटरची वायर मी चुकून कार्डाऐवजी बोर्डाच्या भोकात लावली असेल असं त्याला वाटलं. तसं नव्हतं, वायर कार्डातच होती. मग दुसरी वायर लावली. मग हॉलमधला टीव्ही जोडून पाहिला. मग कार्ड काढून पुन्हा बसवलं. दर वेळी पंखे फिरायचे, दिवा लागायचा आणि तीच पाटी यायची. टीव्हीवर तर ती केवढी मोठी दिसत होती.

"जुनं कार्ड परत लाव," शेवटी तो म्हणाला. "नवीनच खराब निघालं असेल. बदलून घेऊ."

मी जुनं लावलं. सकाळपर्यंत याच कार्डावर तो काम करत होता. बटण दाबलं. नो सिग्नल.

नवीन लागलं नाही, हे एक वेळ समजू शकत होते. पण चालू होतं तेही गेलं होतं, आणि आत हात फक्त माझे फिरले होते. मी म्हटलं, "मी आता कशालाच हात लावणार नाही. अजून काहीतरी मोडेल माझ्याकडून." तो माझ्याकडे बघतही नव्हता. उघड्या कॅबिनेटकडे बघत म्हणाला, "बोर्ड गेला."

आई म्हणाली, "उद्या माणसाला दाखवू. मशीनच आहे ते."

"ताई, मला बेडवर घे."

बाहेर लख्ख ऊन होतं. दिवसाउजेडी त्याने कधीच बेडवर घे म्हटलेलं नाही. ताप असला तरी खुर्चीत बसून राहायचा, आडवं पडलं की छत सोडून काही दिसत नाही म्हणायचा. मी आणि आईने त्याला उचललं. त्याने भिंतीकडे तोंड करून द्यायला सांगितलं. मी कूस वळवून दिली. संध्याकाळी आई वरणभात कालवून घेऊन गेली तर त्याने तोंडच उघडलं नाही. आई वाटी घेऊन तशीच बसून राहिली. आजार वाढला तेव्हा, वडील गेले तेव्हा, कॉलेज सुटलं तेव्हाही त्याने असं केलं नव्हतं. मला त्याची भीती वाटायला लागली. म्हणजे त्याच्या मनात काय चाललंय याची.

सोमवारी मी सुट्टी टाकली. कॅबिनेट चादरीत गुंडाळलं, रिक्षात मांडीवर घेतलं आणि एका रिपेअरवाल्याकडे गेले. दुकानात गर्दी होती. त्याने वायरी जोडल्या, चालू करून बघितलं आणि लगेच बंद केलं.

"मॅडम, बोर्ड गया है."

"रिपेअर नहीं होगा?"

"पुराना मॉडेल है. बोर्ड, प्रोसेसर, सब बदलना पडेगा. छोड के जाओ, हफ्ते में देखते है."

हफ्ता! गुरुवारी काम द्यायचं होतं. मी म्हटलं, "नहीं भैया, रहने दो." का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्याच्यावर अविश्वास होता असं नाही. पण त्याने ते ज्या सहजतेने सांगितलं, त्या सहजतेने मला ते घरी जाऊन सांगता आलं नसतं. परतताना रिक्षात मी रडले. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि बिचाऱ्याने खड्ड्यांतून गाडी अगदी जपून चालवली. त्याला वाटलं असेल, मांडीवर काहीतरी फार नाजूक आहे.

घरी भाऊ भिंतीकडेच तोंड करून होता. मी आत गेले तशी त्याने विचारलं, "काय म्हणाला?"

"बोर्ड गेला म्हणाला. सगळं बदलावं लागेल."

मी दाराकडे वळले तेव्हा तो म्हणाला, "त्याने रॅम काढून बघितली?"

"म्हणजे काय?"

"पट्ट्या असतात उभ्या. कार्डाच्या जवळच. काढून परत बसवल्या का त्याने?"

"नाही. काहीच काढलं नाही."

"आणि बोर्डावर कुठला दिवा लागलेला? छोटा, लाल."

मी म्हटलं, असला दिवा मी पाहिलाच नाही. "असतो," तो म्हणाला. "वायरींच्या जाड जुडग्याखाली बघ. काल मला सुचलंच नाही, डोकंच बंद पडलं होतं. मला इकडे वळव आधी."

मी त्याला वळवलं. कॅबिनेट बेडशेजारी स्टुलावर ठेवलं, खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि चालू केलं. जुडगं बोटाने बाजूला केलं तर खरंच, मोहरीएवढा लाल दिवा लागलेला होता. शेजारी मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. मी चष्मा वर करून, नाक जवळ नेऊन वाचली. "डी, आर, ए, एम."

तो मोठ्याने म्हणाला, "रॅमच आहे! बोर्ड मेला असता तर हे सांगितलं नसतं त्याने."

एक पट्टी एका टोकाने नखभर वर आलेली होती. काल मनगट आत घालून मी कार्ड दाबलं, तेव्हा तिला धक्का लागला असणार. दुकानात नेण्याआधी, नेल्यावर, आणल्यावर, सगळा वेळ ती तशीच होती. मी ती पूर्ण काढली, परत खाचेत धरली. "दोन्ही अंगठ्यांनी दाब. घाबरू नको, जोर लागतो." दोन्ही बाजूंना खट्‌ खट्‌ झालं. मॉनिटर जोडला, बटण दाबलं. स्क्रीन बराच वेळ काळीच राहिली. मग उजेड आला आणि त्याचा तो नेहमीचा डोंगराचा फोटो उघडला. आई स्वयंपाकघरातून धावत आली.

मी कॅबिनेटचं झाकण लावायला घेतलं.

"काय करतेस? नवीन कार्ड लाव आता."

"अजिबात नाही," मी म्हटलं. "चालू झालंय, राहू दे. काल मेले होते मी."

"जुन्यावर सीन उघडत नाही ताई. मग चालू होऊन उपयोग काय?"

"परत बिघडलं तर?"

"तर बिघडलं."

"तुला बोलायला काय जातंय!"

तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "हात तुझे आहेत म्हणून ठरवायचंही तूच का?"

मला ते लागलं. आई माझ्याकडे बघत होती. मी स्क्रू ड्रायव्हर उचलला.

या वेळी नवीन कार्डावर स्क्रीन आली. त्याला खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, माउसवर हात ठेवून दिला. त्याने बाजाराचा रस्ता उघडला आणि तो न गोठता उघडला. मी तो पहिल्यांदाच एवढा स्पष्ट पाहिला. ताडपत्रीतून गळणारं पाणी खालच्या डबक्यात पडत होतं. भाऊ नुसता कडेकडेने फिरत होता त्या रस्त्यातून. त्याने कॉम्प्युटरला त्या रस्त्याचं अंतिम चित्र काढायला लावलं, पंख्यांचा आवाज चढला, आणि फट्‌कन सगळं काळं झालं. कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन परत सुरू झाला. पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

पण या वेळी तो बेडवर घे म्हणाला नाही. रागाने लाल झाला होता. "ती वायर. मला माहीत होतं आणि मी बहुतेक म्हटलं. पॉवर सप्लायच पुरत नाहीये."

मंगळवारी कामावरून सुटल्यावर मी नवीन पॉवर सप्लाय आणला. तो बदलायचा म्हणजे आतली प्रत्येक वायर उपटायची आणि नवीन लावायची. ती संध्याकाळ मला आठवली तरी घाम फुटतो. तो सांगायचा, मी करायचे, चुकायचे, तो ओरडायचा, मी उलट ओरडायचे. एक वायर चुकीच्या बाजूने घालत होते तेव्हा तो एवढ्या जोरात किंचाळला की शेजारच्या गुजराती भाभी विचारायला आल्या. पण लागलं सगळं. कार्डाला या वेळी दोन वेगळ्या वायरी दिल्या. कॉम्प्युटर चालू झाला, चित्र काढायला लावलं आणि ते पूर्ण झालं. बंद पडलं नाही.

पण दोन दिवस वाया गेले होते. गुरुवारी काम जाऊ शकलं नाही. त्याने उशीर होतोय असं कळवलं आणि शुक्रवारी पाठवलं. उत्तर दोन ओळींचं आलं. काम चांगलं आहे, पण आम्ही दुसऱ्या कलाकाराला घेतलंय. त्याने मला ते वाचून दाखवलं. मी म्हटलं, "माझ्या हातून ती पट्टी..."

"ताई, गप," तो म्हणाला. "सांगत तर मीच होतो ना? मग चूक एकट्या तुझी कशी?"

त्याला कायमचं काम अजून मिळालेलं नाही. सुटी मॉडेल्स तो करतोच, आता जरा मोठीही घेतो. अंगठा मात्र पूर्वीइतका वेळ टिकत नाही. दुपारनंतर माउस नुसता हातात असतो. मान पट्ट्यातही थोडी हलते त्याची, म्हणून गेल्या महिन्यात आम्ही मान हलवून स्क्रीनवरचा बाण फिरवायचं यंत्र मागवलं. कपाळावर एक ठिपका चिकटवायचा आणि मॉनिटरवरचा कॅमेरा तो ओळखतो. काल लावून पाहिलं. त्याने मान जरा हलवली की बाण सुसाट स्क्रीनच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा आणि काही केल्या बाहेर यायचा नाही. त्याने त्या बाणाला अशा काही शिव्या घातल्या की आई देवासमोरून उठून आली. मी सेटिंगमधला वेग कमी केला, ठिपका जरा वर सरकवला. बाण आता मधेपर्यंत येतो.