बाळंतिणीच्या न्हाणीतला बंब

थंडीत कुणाच्या घरी बंब पेटलेला दिसला, की भोरमधली ती बाळंतीण अजून माझ्या डोळ्यांपुढे येते. तेव्हा संस्थानी अंमल होता आणि मी तिथल्या ठाण्यावर फौजदार होतो.

सकाळची हजेरी चालू असतानाच विंझरकडचा एक शेतकरी धापा टाकत ठाण्यात आला. त्याची धाकटी बहीण भोरमध्ये दिलेली होती. बाळंतपणानंतरची न्हाणी चालू असताना ती त्याच सकाळी न्हाणीघरातच दगावली होती. सासूनं काढ्यातून विष घातलं, अशी त्याची फिर्याद होती. मी ती लिहून घेतली आणि हवालदाराला घेऊन निघालो.

दारात गर्दी जमली होती. सासू तोंडाची फटकळ, सुनेला येताजाता बोलणारी. त्यामुळे आळीनं तिला आधीच गुन्हेगार ठरवून टाकलं होतं. आळीचा निकाल पंचनाम्याआधी लागतो आणि तो बहुधा माणसाच्या जिभेवरून लागतो, हे मला नोकरीत लवकरच कळलं होतं.

न्हाणीघर लहानसं होतं. एकच खिडकी, तीही उंचावर, आणि तिच्यात घोंगडी घट्ट कोंबलेली. एरवी परसात असणारा तांब्याचा बंब आत आणून ठेवला होता. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून ही सगळी व्यवस्था. लाकडाचा धूर डोळ्यांत जातो, म्हणून बंबात कोळसे घातले होते. कोळशाला धूर नाही, मग काळजी कसली, असा घरच्यांचा हिशेब होता.

विषानं गेलेली माणसं मी पाहिली होती. या पोरीच्या अंगावर तसली एकही खूण नव्हती. उलट तिच्या गालांवर लाली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की पोटात विष दिसत नाही, रक्त मात्र फार लाल आहे, कोळशाच्या वायूचा संशय येतो. पण नुसत्या संशयावर सासू सुटणार नव्हती. मेलेल्या पोरीचा भाऊ तर सासूला फासावर चढवायला निघाला होता.

मी सुईणीला बोलावलं. बाळाला न्हाऊ घालून तिनं ते सासूकडे दिलं होतं आणि मग आईचं अंग चोळायला घेतलं होतं. आपण जागची हललोच नाही, असं ती पुन्हापुन्हा सांगत राहिली. घाबरलेल्या माणसावर ओरडलं, की ते आपल्याला हवं तेच बोलतं. म्हणून तिला चहा देववला आणि तुझी तब्येत कशी आहे एवढंच विचारलं. तिला रडूच फुटलं.

“सायेब, माजं डोकं गरगराय लागलं, पायातलं बळच गेलं. म्या परसात जाऊन वकले. माघारी आले तर ती भित्तीला टेकल्याली. दिवा तर जळत हुता वो.”

दिवा जळतोय म्हणजे हवा ठीक आहे, ही तिची समजूत. मी पंचांसमोर बंब तसाच पेटवला, घोंगडी तशीच कोंबली आणि आत कंदील व डालग्यात एक कोंबडी ठेवून दार लावलं. दार उघडलं तेव्हा कंदील तेवत होता आणि कोंबडी मान टाकून पडली होती.

घोंगडी कोणी कोंबली, एवढंच राहिलं होतं. “म्याच,” सासू म्हणाली. मी तिला ती पुन्हा लावून दाखवायला सांगितलं. बुटक्या म्हातारीचा हात खिडकीपर्यंत पोचेना. मग तिनं मला गोठ्याकडे नेलं.

“सायेब, पावनं काल कोळशाचं पोतं घिऊन आलं, हितंच ऱ्हायलं. सकाळी भनीला वारं लागंल म्हून सोताची घोंगडी कोंबली त्यांनी. त्यापायी ती गेली ह्ये त्यास्नी सांगू नगा. जलमभर जळत ऱ्हातील.”

ज्याच्या फिर्यादीनं तिला फाशी झाली असती, त्याच्यासाठी ती खोटं बोलत होती. पण पंचनाम्यात खोटं लिहिता येत नाही. मी भावाला ठाण्यात जवळ बसवून घेतलं आणि सगळं स्वतः सांगितलं.

“म्हंजी म्याच मारली?” तो म्हणाला.

तसं नाही, हा अपघात आहे, यात कुणाचा गुन्हा नाही, असं मी समजावत होतो. त्याच्या कानावर काही पडत नव्हतं. तो उठून निघाला, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला त्याच्या जिवाची धास्ती वाटली.

त्यानंतर जिथं जिथं बदली झाली, तिथं मी घरोघर सांगत गेलो: बंब उघड्यावर ठेवा. आत ठेवायचाच असेल तर त्याचं धुराडं छपराबाहेर काढा आणि खिडकी उघडी राहू द्या. धूर दिसला की माणूस आपणच दार उघडतो. न दिसणारा वायूच दगा देतो. फौजदार लोकांच्या न्हाण्या तपासत हिंडतो, म्हणून माझी थट्टाही झाली. होऊ दे. पण माणसाच्या फटकळ जिभेवरून त्याचं काळीज ओळखू नये, हे मला त्या दिवशी ठाण्याच्या पायरीवर कळलं.

सासू बाळाला घेऊन तिथं उभी होती. तिनं निघालेल्या भावाची वाट अडवली आणि बाळ त्याच्या हातात दिलं.

“पावनं, ह्याची आय गेली. आता मामा तरी जाऊ दिऊ नगा.”

तो तिथंच पायरीवर बसला आणि पोराला छातीशी धरून रडला.