कोणता दिवा लागलाय, वहिनी?

महूला बहिणीकडे गेले होते, तिथेच निखिलचा फोन आला. "आई, काका गेले. बसल्या बसल्याच." मी विचारलं, "कुठे बसले होते?" तो म्हणाला, "तिथेच न... कॉम्प्युटरजवळच्या खुर्चीत." परतताना बसमध्ये माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. सकाळी निघताना भाऊजींनी दारातून विचारलं होतं, "वहिनी, दिवे सगळे लागलेत न?" आणि मी चपला घालता घालता "हो हो" म्हटलं होतं. बघितलं मात्र नव्हतं. घरचं माणूस गेलं आणि मी मोडेमच्या दिव्यांचा विचार करतेय, याची लाज वाटत होती, तरी विचार काही थांबत नव्हता. आता दीड महिना झाला. अजूनही माझं तसंच होतं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, शरद. मी लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा ते कापडाच्या मिलमध्ये फिटर होते. मिलचा भोंगा हेच आमच्या घरचं घड्याळ. ती मिल एका दिवसात बंद झाली असती तर बरं झालं असतं. आधी एक पाळी गेली, मग अर्धे लोक गेले, मग एक दिवस गेटला कुलूप दिसलं. कोणी म्हणे सुरू होणार, कोणी म्हणे मशीन भंगारात जाणार. भाऊजी कित्येक महिने सकाळी डबा घेऊन गेटपाशी जात आणि दुपारी तोच डबा घरी आणून खात. लग्न ठरत आलं होतं, ते राहूनच गेलं. तिकडे शहरात नवनव्या गाड्यांची दुकानं उघडत होती, आणि इकडे हा धडधाकट माणूस बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेला. शाळेतल्या नोकरीवरून दमून आल्यावर एकदा मी "खायला काळ नि भुईला भार" असं बोलून गेले. ते त्यांनी ऐकलं की नाही, मला कधीच कळलं नाही.

त्यांना कामाला लावलं ते कॉम्प्युटरने. घरात बघता बघता तीन झाले, आणि तिन्ही तीन तऱ्हेचे. निखिलने सुटे भाग जोडून बनवलेला एक, आमच्या शाळेने काढून टाकलेला एक म्हातारा, आणि माझ्या लेकीला, प्राचीला, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला लॅपटॉप, ज्याच्यात निखिलच्या मित्राने लिनक्स की काय ते घालून ठेवलं होतं. नेटची लाइन एकच. एकावर चालायचं तेव्हा दुसऱ्यावर बंद, दुसरा सुरू केला की पहिला रुसायचा. तीन जावा एका स्वयंपाकघरात, असं मी म्हणायचे. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. एक दिवस भाऊजी पेपर बाजूला ठेवून उठले आणि म्हणाले, "तुटलेला धागा टोकापासून शोधायचा असतो. मधेच हात घातला की गुंता वाढतो."

ते खरोखरच टोकापासून निघायचे. आधी भिंतीतली फोनची लाइन, मग मोडेमचे दिवे, मग एकेक वायर, मग एकेक कॉम्प्युटर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दुसरीला हात नाही. प्रत्येक वायरीला त्यांनी वेगळ्या रंगाचं सूत बांधलं होतं, मिलमधून आणलेलं. दोन कॉम्प्युटर एकमेकांना पाडत होते, त्याचं कारण शोधायला त्यांना आठवडा लागला. मला समजावताना म्हणाले, "वहिनी, मिलमध्ये प्रत्येकाचा बिल्ला असतो. एकाच नंबरचे दोन बिल्ले घेऊन दोघं गेटवर आले तर टाइमकीपर काय करेल? दोघांनाही उभं करेल. यांचं तेच झालंय, दोघांचा नंबर एक." त्यांनी नंबर बदलून दिले आणि नेट सुरू झालं. त्या दिवशी ते स्वतः जाऊन सगळ्यांसाठी पोहे-जलेबी घेऊन आले.

आणि त्यांनी रजिस्टर घातलं. मिलमध्ये असायचं तसंच, पट्टीने रेघा मारून. तारीख, काय बंद, कारण, कोणाच्या हातून, काय केलं. "कोणाच्या हातून" या रकान्यात ते कुणाची भीड ठेवत नसत. "निखिल (पासवर्ड बदलला, सांगितला नाही)." "उंदीर." "वहिनी (झाडू)." हे झाडू प्रकरण चार वेळा आहे. मी चिडले की म्हणत, "रजिस्टर खोटं नाही बोलत, वहिनी. मशीनचं खोटं लिहिलं तर पुढचा माणूस मरतो." गल्लीतले लोकही त्यांना बोलवायला लागले होते. "शरद भिया, जरा देख लो न!" अशी हाक आली की ते टॉर्च खिशात घालून ताठ चालत निघायचे. मिल बंद झाल्यापासून ते तसे चाललेले मी पाहिले नव्हते.

आता जे सांगायचं म्हणून लिहायला बसले ते सांगते. खंडेनवमीला भाऊजी घरातली सगळी यंत्रं बंद ठेवायला लावत. मिलची रीत. नवमीला पूजा, दसरा संपेपर्यंत मशीनला विश्रांती. एका वर्षी ते आंघोळीला गेले होते आणि मला शेजारी हळदीकुंकवाला जायची घाई होती, म्हणून पूजा मीच उरकली. स्कूटर, मिक्सर, कॉम्प्युटर, मोडेम. मोडेमला कुंकू कुठे लावावं कळेना. जिकडे भोकं आहेत तिकडे त्याचं तोंड असणार असं मी धरलं, आणि ओल्या बोटाने तिथे चांगलं दाबून लावलं, वर अक्षता. भाऊजींनी नंतर येऊन प्रत्येक यंत्रावर फूल ठेवलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता प्राचीची मुलाखत होती, पुण्याच्या कंपनीची, घरच्या नेटवरून. साडेदहाला मोडेम लावला तर नेट नाही, तिन्हींवर नाही.

भाऊजी टोकापासून निघाले. लाइन ठीक. वायरी ठीक. मग त्यांनी मोडेम उचलून भोकांत टॉर्च मारला. मग टॉर्च बंद करून म्हणाले, "प्राची, तू सायबर कॅफेत जा. हे आत्ता होणार नाही. पळ." ती पळाली, पण पोचेपर्यंत अर्धा तास गेला, आणि ती नोकरी काही मिळाली नाही. उशिरामुळे की आणखी कशामुळे, कोण सांगणार? दुपारी नेट कंपनीचा माणूस आला, त्याने पिनेने टोकरून लाल चिखल आणि तांदळाचा दाणा बाहेर काढला आणि हसत सुटला. "आंटीजी, इसमें तो पूरी पूजा हो गई!" निखिलने काकांकडे बघितलं. खंडेनवमीचं वेड घरात कोणाला होतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. आणि मी तोंड उघडायच्या आत भाऊजी म्हणाले, "मीच लावलं होतं."

मी गोंधळले. खरंच सांगते, मला वाटलं, यांनीही नंतर लावलं असेल का? माझं वर लागलं असेल आणि आत गेलं ते यांचं असेल? मनाला हे इतकं सोयीचं होतं की मी तेच धरून बसले. निखिल म्हणाला, "काका, प्लीज, अब रहने दो. याला हात नका लावू आता." भाऊजी "बरं" म्हणाले. मिलमधून परक्यांनी काढलं होतं, इथून आम्ही काढलं. आणि मी पदराला हात पुसत उभी होते.

त्यानंतर त्यांनी खरोखरच हात लावला नाही. गल्लीतल्या हाकाही त्यांनी परतवल्या. पण नेट बंद पडलं आणि घरात मी एकटी असले की ते खुर्ची ओढून बसत, हात मांडीखाली दाबत, आणि विचारत, "कोणता दिवा लागलाय, वहिनी?" मी सांगायची. "मग लाल सुताची काढा. दहा मोजा. लावा." असं करत करत मी शिकले. प्राचीला पुढे बंगलोरला दुसरी चांगली नोकरी लागली आणि ती रोज नेटवरून बोलायची. ते बोलणं चालू राहायचं ते आमच्या दोघांच्या या धंद्यावर, त्यांचं डोकं आणि माझे हात. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. दर वेळी वाटायचं, आता नेट लागू दे, मग सांगते.

तेराव्याला त्यांच्या मिलमधले रामेश्वरजी आले होते. बोलता बोलता म्हणाले, "भाभीजी, खंडेनवमी को शरद भिया पूरे खाते में घूमते थे. कुंकू सिर्फ मशीन के पाये को लगेगा, मुँह को नहीं. एक नए आदमी ने मोटर के पास लगा दिया था, तो उससे दो घंटे पुँछवाया." मी ताटात वाढत होते, हात तिथेच थांबला. म्हणजे तोंडाला कुंकू लावणारा हा माणूसच नव्हता. टॉर्च मारला तेव्हाच त्यांना कळलं होतं कोणाचं बोट ते.

मग का? माझ्यावर माया होती म्हणून? प्राचीने आईला दोष देऊ नये म्हणून? की घरात आधीच भुईला भार ठरलेल्या माणसाला आणखी एका भाराचं काय, असं वाटलं? 

परवा नेट गेलं. मी त्यांच्या खुर्चीशी गेले आणि मागच्या फळीवरचं रजिस्टर काढलं, वाटलं उपाय सापडेल. शेवटची नोंद त्या दिवसाची आहे. काय बंद : सगळं. कारण : कुंकू. कोणाच्या हातून : मी. पुढची पानं कोरी आहेत, रेघा मात्र शेवटपर्यंत मारून ठेवलेल्या. ज्या रजिस्टरात खोटं चालत नव्हतं, त्यात त्यांनी एवढं एकच खोटं लिहिलं, आणि मग लिहिणंच थांबवलं.

निखिल आणि प्राचीला हे आज इथे वाचूनच कळेल. समोर बसून सांगायचं धैर्य मला इतक्या वर्षांत झालं नाही.

परवा तिथेच मी पेन घेतलं, "मी" खोडलं आणि बाजूला लिहिलं, "वहिनी (कुंकू)". मग लाल सुताची वायर काढली, दहा मोजले, लावली. दुसरा दिवा काही लागेना. खुर्चीकडे बघून मी मोठ्याने तसं सांगितलं, आणि पुढे काय करायचं ते ऐकायला उभी राहिले.