कोणासमोर न जेवणारी सोनाली

सोनालीला पुन्हा चक्कर आली आणि मोठ्या मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं.

“बाई, ही मुलगी डबा खात नाही. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची? आईला सांगा, पुढच्या वर्षी आणा. मी नाव काढते.”

“मॅडम, हा आठवडा थांबा.”

“तुमचं नेहमीचंच आहे हे.”

होतंच नेहमीचं. पण चार वर्षांच्या मुलीला जेवत नाही म्हणून शाळेतून काढायचं, हे काही माझ्या डोक्यात शिरेना.

नव्वदच्या दशकातलं नेरुळ ते. बिल्डिंगा कमी, मोकळे प्लॉट जास्त. आमची नर्सरी तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत भरायची. पुढे अंगण, दुपारी खाडीवरून वारा. निम्मी मुलं सारसोळे गावातली, निम्मी वाशीच्या मार्केटात माथाडीकाम करणाऱ्या साताऱ्याकडच्या लोकांची. टिफिन टाइमला सगळी गोल करून बसायची. कोणाच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी, कोणाच्या ज्वारीची भाकरी आणि मेथी. तो एकत्र वास आठवला की मला आजही भूक लागते.

आमचे नियम दोनच. वेफर्स-बिस्किटं बंद. आणि ‘सेल्फ फीडिंग’, म्हणजे मुलाने आपल्या हाताने खायचं, कोणी भरवायचं नाही. बाकीची हळूहळू शिकली. सोनाली मात्र झाकणावर दोन्ही हात ठेवून बसायची. मी पोळीचे रोल पाठवायला सांगितले, गोष्टी सांगितल्या, शेजारी बसून तिच्यासमोर स्वतः जेवले. बाईसाहेब ढिम्म.

मग त्याच आठवड्यात एकदा ती डबा घेऊन दाराआड गेलेली दिसली. भिंतीकडे तोंड करून भराभरा खात होती. म्हणजे भूक होती, जेवण आवडतही होतं. मी जवळ गेले तसं तिने झाकण लावलं.

“का गं, इथे का खातेस?”

“कुनी बघितलं की मरतंय,” ती म्हणाली. “आमचा दादा मेला.”

मी मागे सरले, तिला उरलेलं तिथेच खाऊ दिलं.

तिच्या आईला बोलावलं. शोभा नाव तिचं. पंचविशीचीही नसेल. खुर्चीच्या टोकाला टेकून बसली.

“बाई, थोरला गुटगुटीत हुता,” ती म्हणाली. “गावाकडं लग्नाच्या पंगतीत बसला, आपल्या हातानं जेवला. समदी म्हनाली, काय झ्याक जेवतंय पोरगं. मग जुलाब लागलं, आन गेला. दृष्टच लागली त्येला. आता हिला मी कुनाम्होरं जेवू देत न्हाई. घरी वाढून मी सोता पाठ करून बसते. आईची सगळ्यात आदी लागती म्हनत्यात.”

लग्नातल्या उघड्या पाण्याबद्दल, जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याबद्दल बरंच सांगता आलं असतं. जिभेवर आलंही. पण जिचं मूल गेलंय तिला लेक्चर झोडायचं? माझी जीभ तिखट आहे, पण इतकी नाही.

“शोभा, आपण दृष्ट काढू या,” मी म्हटलं. “इथेच. सगळ्या वर्गाची.”

मॅडम उडाल्याच. “शाळेत धूर? या सायन्सच्या जमान्यात?”

“नर्सरीत सायन्स कुठे असतं, मॅडम? आपण अजून अननसापर्यंतच पोचलोय.”

त्या हसल्या. हसल्या म्हणजे काम झालं, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मंदामावशींनी, म्हणजे आमच्या आयाबाईंनी, अंगणात शेगडी पेटवली. मुलं ओट्यावर ओळीने बसली. शोभाने मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन सगळ्यांवरून ओवाळल्या, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटली आणि निखाऱ्यांवर टाकल्या. नेमका वारा फिरला. मुलं, मी, ऑफिसातल्या मॅडम, सगळ्यांना ठसका.

“अगो, यवऱ्या मिरच्या कनाला टाकल्यास?” मावशी खोकत ओरडल्या. त्या सारसोळ्याच्या, बोलणं आगरी.

शोभा मात्र शेगडीसमोर तशीच उभी होती. डोळ्यांना धार, आणि चेहरा पार बदललेला. ज्यांच्या घरी दृष्ट काढतात त्यांना ठाऊक असतं: दृष्ट लागलेली असली तर मिरच्या जळूनही ठसका येत नाही. ठसका आला, म्हणजे दृष्ट नव्हती.

“बाई,” ती म्हणाली, “कुनाचीच न्हवती की.”

“नव्हतीच गं,” मी खोकत म्हटलं.

तिने सोनालीला गोलात बसवलं, डब्याचं झाकण स्वतःच्या हाताने काढलं आणि सवयीने पाठ फिरवून उभी राहिली. सोनालीने इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या मुलाला तिच्याशी काही घेणंदेणं नव्हतं, तो आपल्या चटणीत दंग होता. तिने भाकरीचा तुकडा मोडला. मेथीला लावला. खाल्ला. मग आणखी एक. अर्धी भाकरी संपल्यावर तिला आईची आठवण झाली.

“मम्मी, बघ ना. मी जेवतेय.”

शोभाला वळायला वेळ लागला. वळली, आणि पदर तोंडाला लावून बघतच राहिली. आपल्या हाताने जेवणारी लेक ती पहिल्यांदाच पाहत होती. मलाही रडू आलं. मी ते मिरच्यांवर ढकललं.

सोनालीचं नाव निघालं नाही. वर्ष संपेपर्यंत तर ती शेजारच्याच्या डब्यातला जवळाही मागून खायला लागली.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं, मूल जेवत नसेल तर डबा बदलून बघा. मी डबा नंतर बघते. आधी आईला विचारते, घरी तुम्ही एकमेकांसमोर बसून जेवता का.