डबा पाहून विमा

तोताराम चौधरी विमा एजंट, मूळचा असोद्याचा. कंपन्यांच्या कामगारांना एकत्रित आरोग्य विमा मिळवून देणं हा त्याचा धंदा. कुठल्याही कारखान्यात गेला की गडी ऑफिसात जायचाच नाही. जेवणाच्या सुट्टीत सरळ कामगारांमध्ये जाऊन बसायचा. डबे उघडले की माणसं उघडतात, असं त्याचं ठाम मत. जळगावच्या चटईच्या कारखान्यात जो तो कंबर धरून जेवायला बसताना दिसला, तिथे त्यानं मणक्याच्या उपचारांची सोय करून घेतली. डाळ मिलमध्ये घास कमी नि खोकला जास्त, तिथे दम्याची. पतपेढीत सगळ्यांच्या डब्यात कारलं, मग तिथे शुगरच्या तपासण्या फुकट! एवढं जमल्यावर माणसाची कॉलर ताठ होणारच, आणि तोतारामची जरा जास्तच झाली होती.

एप्रिलच्या अखेरीस तो नरडाण्याला गेला, पाइपच्या नव्या कारखान्यात. कामगार सगळे पंचविशीच्या आतबाहेरचे. पण काय आश्चर्य, घरचा डबा एकाकडेही नाही! कोणी टपरीवरची शेवभाजी पावाशी खातोय, कोणी फरसाण, कोणी नुसती केळी. तोतारामच्याही घरी त्या आठवड्यात चूल बंदच होती, म्हणून त्यानंही मुकाट्यानं शेवभाजी मागवली.

"मॅडम, पोरं बठ्ठी सडीफटिंग!" त्यानं मॅनेजर दिपमाला मॅडमना सांगून टाकलं. "बायकापोरांचा विमा कशाला? बाळंतपणाचा खर्च तर अजिबात नको. त्यापेक्षा अपघाताची रक्कम वाढवू."

मॅडम नुकत्याच नागपूरहून बदलून आलेल्या. एवढ्या अनुभवी माणसाला काय विचारायचं? त्या हो म्हणाल्या. विमा सोमवारपासून सुरू व्हायचा ठरला.

शनिवारी कार्डवाटप होतं. तोताराम इस्त्रीचा शर्ट घालून पोचला आणि गेटातच थिजला. पटांगणात बायकाच बायका! कोणाच्या कडेवर पोर, कोणाचं बोट धरून पोर. पुढे नवीन नावाचा कामगार, शेजारी त्याची बायको कामिनी, नववा महिना लागलेली. मागे शिंदखेड्याहून आलेली त्याची आई सुगंधाबाई.

"भाऊ, हिचं सिझर करावं लागेल म्हणालेत डॉक्टर," नवीन म्हणाला. "कार्ड दवाखान्यात आधी दाखवायचं की नंतर?"

तोतारामच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे, पण तुम्ही तर... त्या दिवशी कोणाकडेच डबा नव्हता!"

सुगंधाबाईनं कपाळावर हात मारला. "आरे भाऊ, आखाजी व्हती ना! बठ्ठ्या सुना माहेरले गयेल व्हत्यात!"

सगळं पटांगण खो खो हसलं. फक्त कामिनी हसली नाही. ती हळूच नवऱ्याला म्हणाली, "म्हणजे आपल्याला मिळणार नाही का?" तोतारामला ते ऐकू आलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो तसाच मॅडमच्या केबिनमध्ये गेला. कान धरून म्हणाला, "मॅडम, गाढवपणा माझा. एजंट बदलायचा तर बदला, पण सोमवारच्या आत विमा बदला." मॅडम आधी भडकल्या, मग आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशातल्या सुनांचा माहेरी जायचा सण, हा उलगडा झाल्यावर त्यांना हसू आवरेना. फोनाफोनी करून संध्याकाळपर्यंत बायकामुलं विम्यात आली, पहिल्या दिवसापासून बाळंतपणासकट. हे सांगितलं तेव्हा कामिनी तिथेच पायरीवर बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली. सुगंधाबाईनं तोतारामच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

रात्री जेवताना त्यानं बायकोला, सारिकाला, सगळं सांगितलं. ती हसून हसून लोळायची बाकी राहिली. "अहो, मी कुठे होते त्या आठवड्यात? माझ्याच माहेरी ना! तुम्हाला स्वतःवरूनसुद्धा कळलं नाही?" मग हसता हसता थांबली. "आपल्या विम्यात माझं नाव आहे ना हो?"

तोतारामनं घास परत ताटात ठेवला. विमा लग्नाआधी काढलेला. दरवर्षी तोच पुढे चालू.

सारिकानं भाकरीचं टोपलं स्वतःकडे ओढून घेतलं.

"का हो? मी काय बारा महिने माहेरीच असते?"